लसूण खाणारे रोहू आणि दोन काचपेट्या

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुरा भागातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही दोन काचपेट्यांपुढे बराच वेळ रेंगाळलो. दोहोंत रोहूची पाच-पाच बोटुकली होती. एका पेटीतील माशांना महिनाभर लसूण-हळद मिसळलेल्या पेंडीच्या गोळ्या दिल्या, दुसरीतल्यांना साध्या. मग दोन्हीकडे सारखाच मोरचूद टाकला. लसूणवाले तीन जगले, साधा एकच. फलकावर निष्कर्ष झळकत होता : 'वनस्पतियुक्त खाद्यामुळे मासे रोग व प्रदूषणापासून सुरक्षित.' प्रयोगाला बक्षीसही मिळाले. मुलांची मेहनत खरी. निष्कर्ष मात्र आम्हांला पटला नाही.

मुळात कल्पना खुळी नाही. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेच्या संशोधकांनी २००७ साली रोहूच्या खाद्यात लसूण घालून पाहिला. नंतर 'एरोमोनास हायड्रोफिला' हे रोगजंतू टोचले, तेव्हा लसूण खाल्लेले मासे जास्त संख्येने वाचले. प्रतिजैविकांचा मारा कमी करायचा तर असे शोध हवेतच. पण तो प्रयोग एका ठरावीक जिवाणूपुरता होता. आपल्या प्रदर्शनात तर जंतू कुठेच नव्हते. 'रोग' हा शब्द फलकावर आला कोठून?

आता मोरचुदाचे पाहू. पाच मासे म्हणजे पाच प्रयोग नव्हेत. हवेचा पंप रात्री बंद पडला तर पेटीतले सगळेच मासे गुदमरतात. म्हणून मोजायची ती पेटी. प्रत्येक खाद्याला निदान तीन पेट्या, आणि कोणती पेटी कोणत्या खाद्याची हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. दुसरे असे की, न खाल्लेली पेंड पाण्यात कुजते आणि तिच्यातील सेंद्रिय द्रव्याला तांबे चिकटते. मग कल्ल्यांपर्यंत पोचणारे मोकळे तांबे कमी होते. लसणाच्या वासाने माशांनी गोळ्या टाकून दिल्या असतील, तर लसणाने पोटातून नव्हे, बाहेरूनच काम केले असेल! उरलेले खाद्य कोणी तोलले नव्हते.

आम्ही हे बोलत असताना सातवीतल्या एका मुलीने विचारले, "मग हे जगलेले मासे खायचे का?" बक्षीस द्यायचे तर या प्रश्नाला द्यावे. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू माशाच्या यकृतात व मूत्रपिंडात साठतात. खाद्यामुळे मासा तगला म्हणजे त्याच्या अंगातला धातू गेला असे नव्हे. तो मोजल्याशिवाय कळणार नाही. आजारी मासा निदान बाजारात ओळखू तरी येतो. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन खाम नदी गोदावरीकडे जाते. त्या पाण्याचा प्रश्न नाल्याच्या तोंडाशी सोडवायचा की माशाच्या ताटात लसूण वाढून, हे मुलांशी बोलायलाच हवे. फलकावर याबद्दल अवाक्षर नव्हते.

आणि शाळेत मासे मारायचे तरी कशाला? पेंडीच्या सारख्या वजनाच्या गोळ्या करा : काही साध्या, काही लसणाच्या, काहींना गव्हाच्या पिठाची खळ लावलेली. एकेक गोळी पाण्याच्या पेल्यात टाकून ती किती मिनिटांत विरघळते ते घड्याळ लावून पाहा. उरलेला लगदा फडक्यात गाळून, वाळवून तोला. माशाच्या तोंडी जाण्याआधी किती औषध पाण्यात गेले, याचा अंदाज पाचवीच्या मुलांनाही बांधता येतो.