रंगविलेले काष्ठ आणि रिकामे कोनाडे

१७३९ च्या जानेवारीत तारापूरचा किल्ला आणि मे महिन्यात वसई चिमाजी आप्पांच्या सैन्याने घेतली. वसईच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील १७२१ ची घंटा प्रसिद्धच आहे. धातू टिकला. वसई किल्ल्यातील भग्न चर्चांचे कोनाडे मात्र रिकामे आहेत. तशा जागी शोभणाऱ्या रंगीत काष्ठमूर्तींचा विचार करावयाचा तर जुन्या गोव्याकडे वळावे लागते.

तेथील बॉम जेझस चर्चच्या (पायाभरणी १५९४, अभिषेक १६०५) मुख्य वेदीवर संत इग्नाती लोयोला यांची भव्य मूर्ती आहे. 'सोनेरी', 'भपकेदार' अशा विशेषणांवर तिचे वर्णन बहुधा आटोपते. वस्तुतः या शैलीतील सोने रंगाच्या वर नसून खाली असते. लाकडावर पांढरा लेप, त्यावर तांबड्या मातीचा हात, मग सोन्याचा वर्ख, वर्खावर रंग. आणि हा रंग टोकदार काडीने खरवडला की खालचे सोने वेलबुट्टी होऊन उजळते. या कामास पोर्तुगीजमध्ये 'एश्तोफादु' म्हणतात. शब्दाच्या मुळाशी कापड आहे. चेहऱ्यास व हातांस कातडीचा रंग देण्याचे नाव मात्र 'एंकार्नासांव', म्हणजे देहधारणा. ख्रिस्ताच्या अवतारासही हाच शब्द आहे. वस्त्र ते कापड, मुख ते अवतरण, असा भेद कारागिराच्या परिभाषेतच रुजलेला दिसतो.

येथे नेत्रोन्मीलनाची आठवण होणे स्वाभाविक होय. पण हे साम्य फार ताणू नये. देवळात भक्ताला मूर्तीची दृष्टी हवी असते. दर्शन म्हणजे एक प्रकारची नजरानजरच. इग्नाती भक्ताकडे पाहतच नाहीत. त्यांची मान वर वळलेली असून दृष्टी येशूनामाच्या तेजोवलयांकित चक्रावर खिळली आहे, व त्याही वर त्रैक्य आहे. १५६३ च्या त्रेंत धर्मसभेने मूर्तीचा मान मूळ व्यक्तीस पोहोचतो असे ठरविले होते. शिल्पकाराने तो सिद्धांत मानेच्या वळणात उतरविला आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर ही मूर्ती नाम नव्हे, दर्शक सर्वनाम आहे.

म्हणूनच अशा मूर्ती वेदीवरून उतरविणे ही साधी हलवाहलव नसते. राशोल येथे १९९४ मध्ये स्थापन झालेले व पुढे सांता मोनिका मठात आलेले ख्रिस्ती कला संग्रहालय मोलाचे कार्य करीत आहे, यात शंका नाही. तरी काचेमागे, प्रेक्षकाच्या उंचीवर ठेवलेला संत वर पाहतो तेव्हा त्याच्या नजरेसमोर केवळ छत असते. वसईत याच्या उलट आहे. तेथे उंची आहे, कोनाडा आहे. पाहणारा तेवढा नाही.