कॅमेरा कुठं ठेवला?

वाशीमच्या आमच्या वस्तीत पोट्ट्यांसोबत नागराज मंजुळेचा 'झुंड' (२०२२) मोबाइलवर पाहिला. संपल्यावर एकानं विचारलं, "दादा, खेयले त पोट्टे, मंग पोस्टरवर अमिताभ काहून?" मी निरुत्तर झालो. उत्तर शोधत मागं गेलो.

पडद्यावरचा खेळ अनुबोधपटानं घडवला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवर लेनी रीफेनश्टालनं हिटलरच्या राजवटीसाठी 'ओलिंपिया' (१९३८) काढला. मैदानात खड्डे खणून कॅमेरे खाली बसवले. उडी घेणारा माणूस आभाळात देवासारखा दिसू लागला. काळा जेसी ओवेन्सही त्यात धावतो. त्याची मांडी दिसते, अमेरिकेत काळ्यांसाठी वेगळं ठेवलेलं दार दिसत नाही. आज टीव्हीवर मंद गतीतला विजयवीर बघतो, तेव्हा आपणही त्याच खड्ड्यात बसलेले असतो.

जपानच्या कोन इचिकावानं 'टोकियो ऑलिंपियाड'मध्ये (१९६५) कॅमेरा हरणाऱ्याकडं वळवला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या चाडचा अहमद इसा शर्यतीतून बाद होतो, भोजनगृहात एकटाच जेवतो. ते बघताना मला बाळू पालवणकर आठवला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा चांभाराचा पोर. पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळायचा, तेव्हा त्याचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात! चेंडूमागं पळणाऱ्या कॅमेऱ्याला हा चहा कसा दिसणार?

मंजुळेला दिसतो. नागपूरच्या विजय बारसेंच्या झोपडपट्टी फुटबॉलवर त्यानं कथाचित्र काढलं, पण बळ अनुबोधपटाचं घेतलं. वस्तीतलीच पोरं, त्यांचीच बोली. सरांच्या घरी एकेक जण आपली कहाणी सांगतो, तेव्हा कॅमेरा गप्प बसून ऐकतो. आपल्या माणसाचं असं ऐकून घेणारा पडदा मी क्वचितच पाहिला. तरी माझं भांडण आहे. ऐकून झाल्यावर सिनेमा पुन्हा तारणहाराच्या चेहऱ्याकडं वळतो. पोट्ट्याला हेच खुपलं. त्याचं खरं आहे.

जयंतीच्या कबड्डीचं चित्रण आता आपलीच पोरं करतात. चढाई टिपा, बाप्पा, जरूर टिपा. पण मैदान कोणी झाडलं, गड्यानं पाणी कुठं प्यालं, हरलेला कसा घरी गेला, तेही टिपा. अन् त्याला बोलू द्या. मधात आपण बोलू नका.