खिंडीने शिकवलेला धडा
प्रदेशनिष्ठ पक्षी शोधताना सलीम अली व डिलन रिप्ले यांचा दहा खंडांचा ग्रंथ (१९६८-७४) आम्हाला आजही उपयोगी वाटतो. कोणता पक्षी किती उंचीवर, कशा झाडीत राहतो, कसा ओरडतो, हे त्यात नेमके सापडते. अंधाऱ्या शोलावनात चित्रांपेक्षा याचाच आधार होतो.

उणीव आहे ती वर्गीकरणात. सखल पालघाट खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या उंच डोंगरांवरील शोलापक्षी त्यात एकाच जातीचे मानले आहेत. आज त्या दोन जाती आहेत. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी 'शोलिकोला' ही प्रजाती निर्माण झाली. हा केवळ नावांचा वाद नाही. जात एकच मानली, तर एकीकडचे रान तुटले तरी 'पलीकडे आहेतच' असे म्हणता येते. विद्यार्थ्यांना ग्रंथाबरोबर नकाशाही द्यावा.