टेकडीखालचे दैत्य

श्रीगोंद्याकडून भीमेच्या कांठीं सिद्धटेकास जाणाऱ्या भाविकास तेथील टेकडीची कथा ठाऊक असते. मधु-कैटभ या दैत्यांपुढें विष्णूचें कांहीं चालेना. तेव्हां त्यानें येथें गणेशाची आराधना केली आणि सिद्धि मिळवून त्यांस मारिलें. त्यांच्याच मेदापासून पृथ्वी झाली, म्हणून ती 'मेदिनी', असें पुराणें सांगतात. म्हणजे ज्या भूमींत आपण नांगर धरतों ती दैत्यांचा देह होय!

अशा कथांस सुशिक्षित मनुष्य एक तर भाबड्या म्हणून हंसतो, नाहीं तर त्यांत लपलेलें विज्ञान शोधूं लागतो. आमच्या मतें दोघेही कथा वाचीतच नाहींत.

लोणारचेंच पाहा. लवणासुराच्या विवराचें झांकण विष्णूनें पायाच्या अंगठ्यानें उडविलें, तें दूर पडून त्याची टेकडी झाली; सरोवराचें पाणी हें त्या असुराचें रक्त, आणि त्यांतील क्षार हें त्याचें मांस. हें विवर अशनिपातानें झालें, असें १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. त्यावरून पूर्वजांस उल्केचें ज्ञान होतें असें म्हणणें व्यर्थ आहे. सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा हा वाटोळा खड्डा भोंवतालच्या भूमीशीं जुळत नाहीं आणि त्यांतलें पाणी खारें आहे, एवढें त्यांनीं नीट पाहिलें होतें. निरीक्षण खरें, त्यावरील कल्पना कवीची.

आयर्लंडांतील कथेंत फिन नांवाचा राक्षस समुद्रांत दगडी वाट बांधतो. ती वाटही आपल्या सह्याद्रीप्रमाणें लाव्ह्याच्या काळ्या फत्तराचीच. तेथें राक्षस गवंडी आहे. आपल्याकडे एका रात्रींत लेणीं कोरण्याचें काम पांडवांकडे, आणि दैत्याच्या वांट्यास केवळ मरण. पण तो मरतो तेथें तीर्थ होतें, हें आपल्या कथेचें औदार्य.

काव्य म्हणून मात्र लोणारची कथा आम्हांस सरस वाटते. ती दुसऱ्या कोठेंही सांगतां येणार नाहीं. सिद्धटेकची कथा पुराणानें इतकी घांसून घेतली आहे कीं, ती कोणत्याही टेकडीस शोभेल. भीमाकांठच्या माणसांनीं आपल्या टेकडीकडे पाहून जें मूळ सांगितलें असेल, तें त्यांत उरलेलें नाहीं.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति. घरांतल्या वृद्धांस आपल्या गांवच्या डोंगराची गोष्ट विचारावी आणि ते सांगतील तशीच, कांहींही न सुधारतां, लिहून ठेवावी.