'बोअर' हा शब्द आणि शस्त्रकायद्याचे लोकवाचन

कायद्याच्या भाषेची समीक्षा तिच्या व्याकरणापाशी संपत नाही. ज्यांच्यावर तो कायदा लागू होतो ते लोक कोणता शब्द हाताशी धरून त्याचे वाचन करतात, हेही तपासावे लागते. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांच्या बाबतीत हा शब्द 'बोअर' होय. परवान्याचा अर्जदार, बंदूकविक्रेता, बागायतदार, कारखानदार या सर्वांच्या बोलण्यात शस्त्रांचे दोनच वर्ग असतात: 'पीबी' आणि 'एनपीबी', म्हणजे मनाई असलेले बोअर आणि मनाई नसलेले बोअर. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या परिपत्रकांतही हीच जोडी वावरते. अधिनियमाच्या व्याख्येत मात्र ती नाही.

कलम २ मधील प्रतिषिद्ध शस्त्राची व्याख्या नळीच्या व्यासाविषयी काहीच बोलत नाही. (तोफा, अपायकारक वायू इत्यादींचा भाग येथे अप्रस्तुत आहे.) चापावर दाब दिला असता तो दाब निघेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत ज्यातून गोळ्या सुटत राहतील अशा रीतीने रचलेले अथवा बदललेले अग्निशस्त्र, हा तिचा गाभा आहे. व्याख्येचा सारा भार क्रियापदावर आहे, आणि तेही सातत्यवाचक: गोळी 'सुटते' असे नव्हे, 'सुटत राहते'. 'रचलेले अथवा बदललेले' या कृदंतांमुळे शस्त्र कसे वापरले यापेक्षा ते काय करू शकते याला महत्त्व येते. खटका एकेका गोळीवर ठेवूनच एखादी रायफल वापरली, तरी तोच खटका फिरवून ती सलग झडू शकत असेल तर ती या व्याख्येतून निसटत नाही.

नियमांच्या पहिल्या अनुसूचीत याच्या खालोखाल आणखी एक पायरी आहे. वर्ग १(ख) मध्ये अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रे येतात, तर १(ग) मध्ये ·३०३ किंवा ७·६२ मिलिमीटरचे सैनिकी काडतूस झाडू शकणाऱ्या रायफली व तत्सम शस्त्रे येतात. २०१६ च्या नियमांत या शस्त्रांना निर्बंधित म्हटले आहे, आणि त्यानंतर अनुज्ञेय शस्त्रांची पायरी येते. म्हणजे प्रतिषिद्ध, निर्बंधित व अनुज्ञेय अशा तीन पायऱ्या झाल्या. लोकभाषेने त्यांच्या दोन केल्या, आणि त्या पाडताना कसोटीही बदलली. यंत्ररचनेच्या जागी आकडा आला.

हा आकडा किती फसवा आहे हे जालन्याच्या एमआयडीसीत विशेष जाणवावे. लोखंडी सळयांच्या या गावात 'बारा' म्हणजे बारा मिलिमीटरची सळई. आकडा वाढला की जाडी वाढते. कारखान्याच्या फाटकावरील पहारेकऱ्याची दुनळी बंदूकही 'बारा बोअर'ची असते. परंतु तिथला बारा म्हणजे नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या किती गोळ्यांचे वजन एक पौंड भरते तो आकडा होय. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो, आणि सोळा बोअरची नळी तिच्याहून अरुंद निघते. रायफलीच्या बाबतीत आकडा इंचाच्या दशांश भागात सांगतात. एकाच 'बोअर' शब्दाखाली अशी परस्परविरोधी मापने नांदत असता, आकडा मोठा तर शस्त्र अधिक निषिद्ध, असा तर्क सामान्य माणूस करतो. तोही टिकत नाही. ·३१५ म्हणजे आठ मिलिमीटर. ही नळी ·३०३ हून रुंद असूनही ईशापूरच्या कारखान्यातील ·३१५ ची रायफल साध्या परवान्यावर मिळते, आणि ·३०३ ची मात्र निर्बंधित आहे. येथे नियम शस्त्राची ताकद मोजत नसून सरकारी काडतूस खाजगी नळीत जाऊ नये हे पाहतो. ब्रिटिश अमदानीतील ही काळजी आकड्याच्या रूपाने आजही शिल्लक आहे.

याहून गंभीर प्रकार ·२२ चा. 'पॉइंट बावीस म्हणजे एनपीबीच' हे विधान ऐकणाऱ्याला स्वयंसिद्ध वाटते. परंतु तीच रायफल स्वतःच पुढचे काडतूस नळीत घेणारी असेल तर ती वर्ग १(ख) मध्ये जाते. तिचा परवाना देणे जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकारात राहत नाही, तो केंद्रीय गृहमंत्रालयाकडून यावा लागतो. जिल्हाधिकाऱ्याचा परवाना खिशात असूनही मनुष्य बिनपरवाना ठरू शकतो, तो असा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना साधे अग्निशस्त्र बाळगण्यास दोन ते पाच वर्षे आणि प्रतिषिद्ध शस्त्र बाळगण्यास सात ते चौदा वर्षे कारावास आहे. एवढे अंतर ज्या विशेषणावर अवलंबून आहे, ते शासनाने स्वतःच्या परिपत्रकांत सैलपणे वापरावे, हे समर्थनीय नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात याच्या उलट घडले. १९९९ साली संमत झालेल्या तेथील कायद्याने अर्धस्वयंचलित रायफलीचे दृश्य अवयव मोजले: खाली आलेली पिस्तुली मूठ, दुमडता दस्ता, ज्वालारोधक, आणि त्यांच्या जोडीला सुटे होणारे मॅगझिन. हत्याराच्या साहाय्यावाचून निघते ते सुटे मॅगझिन, असे नियमात म्हटले होते आणि गोळीलाही हत्यार मानले होते. मालकांनी शब्द अक्षरशः घेतला आणि गोळीच्या टोकाने दाबण्याची कळ बसवून घेतली. ही वाट बंद करणारे कायदे २०१६ मध्ये करावे लागले. तेथील वाचक मजकुराला नको इतका चिकटून राहिला, आणि येथील वाचकापर्यंत मजकूर पोचलाच नाही. त्याच्या हाती केवळ संक्षेप आला.

मराठी परिभाषेनेही या कामी साहाय्य केलेले नाही. ·३२ च्या पिस्तुलाला परवानाधारक सर्रास 'ऑटोमॅटिक' म्हणतो. कायद्याच्या अर्थाने पाहता ही प्रतिषिद्ध शस्त्राची कबुलीच ठरेल. 'अर्धस्वयंचलित' या शब्दात अर्धे काय ते उघड होत नाही. खरे पाहता स्वयंचलित आहे ते भरणे. झाडण्यासाठी प्रत्येक वेळी चाप ओढावाच लागतो. जुनी मराठी या बाबतीत अधिक नेमकी होती. 'ठासणीची बंदूक' या नावात ती भरण्याची रीतच सांगितलेली आहे. त्याच धर्तीवर 'स्वभरणी' हा शब्द घेतला तर पायऱ्या बोलण्यातही वेगळ्या राहतील. आणि स्वभरणी पिस्तूल अनुज्ञेय वर्गात, तर स्वभरणी रायफल निर्बंधित वर्गात का, हा प्रश्न परवानाधारकाला निदान विचारता तरी येईल.