'गेले' आणि 'गेले होते'

काही वर्षांपूर्वी मी माझ्या आत्याच्या आठवणी लिहून घेतल्या. विषय होता १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. आत्या तेव्हा पुण्यात नदीजवळच्या एका वाड्यात राहत होती. ती सांगत होती : "पाणी जोत्याला लागलं. हे बाहेर गेले होते. मी पोराला कडेवर घेतलं नि माळ्यावर चढले." मजकूर आटोपशीर करताना मी ठिकठिकाणचे 'होते' काढून टाकले. घरातल्यांसाठी काढलेली प्रत वाचून आत्या एवढेच म्हणाली, "अरे, पाणी आल्यावर हे आम्हाला टाकून गेले, असं लिहिलंयस तू."

मी पान उघडून पाहिले. "पाणी जोत्याला लागले. हे बाहेर गेले." शब्द सगळे तिचेच होते, फक्त एक सहायक क्रियापद गळले होते. तेवढ्याने सकाळीच कामावर गेलेला माणूस पुरात बायकामुलांना सोडून पळणारा ठरला. तेव्हापासून गद्य वाचताना माझे लक्ष आधी क्रियापदांकडे जाते. त्या वाचनातून हाती आलेले काही इथे मांडतो.

लागोपाठची दोन वाक्ये साध्या भूतकाळात आली, की आपण पहिली घटना आधीची आणि दुसरी नंतरची धरतो. 'पाऊस आला. तो घरात शिरला.' यात 'नंतर' हा शब्द कुठेच नाही, तरी क्रम मनात पक्का होतो. वाक्यांचा क्रम हाच घटनांचा क्रम, असा सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला हा अलिखित करार असतो. तो मोडायचा असेल तर खूण ठेवावी लागते. 'गेले होते' ही ती खूण.

शाळेत या रूपाला 'पूर्ण भूतकाळ' म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे, कारण 'गेले' या रूपातही जाणे पूर्णच झालेले असते. मग 'होते' अधिक काय सांगते? 'मी काल नाशिकला गेलो होतो' असे आपण सहज म्हणतो. यात दुसऱ्या कोणत्या घटनेच्या आधी गेलो, असे काही नसते. गेलो आणि परत आलो, तो विषय मिटला, एवढेच सुचवायचे असते. म्हणजे मराठीतले 'होते' घटनेला चालू ओळीतून बाजूला काढून ठेवते. ती आधीची आहे हे पुष्कळदा त्या बाजूला काढण्यातून कळते. इंग्रजी व्याकरणातला 'आधीचा भूतकाळ' जसाच्या तसा मराठीवर बसवला, तर हा फरक निसटतो.

मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त ताख्यात, लाख्यात, वाख्यात, चाख्यात अशी प्रत्ययावरून पडलेली नावे भेटतात. आज ती रुक्ष वाटतात, पण त्यांत एक शहाणपण आहे : रूप म्हणजे काळ नव्हे. 'थांब, आलोच' म्हणणारा अजून आलेला नसतो. 'पाऊस आला तर पेरू' यातला पाऊस पुढचा आहे. काळ ठरतो तो रूप आणि संदर्भ मिळून.

कथात्म गद्यात चूक दोन्ही बाजूंनी होते. एक माझी, खुणा पुसण्याची. दुसरी त्या अति करण्याची. अलीकडच्या अनेक कादंबऱ्यांत पूर्वस्मृती सुरू झाली, की पानभर 'आला होता, बसला होता, म्हणाला होता' चालते आणि स्मृतीतला प्रसंग जागचा हलत नाही. खरे तर उंबरठ्यावर एक 'होती' पुरते. 'त्या वर्षी विहीर आटली होती. वडिलांनी बैल विकले. आई धाकट्याला घेऊन माहेरी गेली.' पहिल्या वाक्याने दार उघडले, पुढे त्या जुन्या काळाची स्वतःची ओळ चालू झाली. 'घेऊन' या एका ऊनान्त रूपाने दोन क्रियांचा क्रमही लागला. मात्र परत येताना 'आता'सारखी खूण हवी, नाहीतर वाचक जुन्याच काळात राहतो.

काळाचा प्रश्न केवळ घटनांचाही नसतो. 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये हरिभाऊ आपट्यांची यमू स्वतःची कहाणी मागे वळून सांगते. तिथे जगणारी यमू आणि सांगणारी यमू असे दोन काळ एकत्र नांदतात. सांगणारीला पुढचे ठाऊक आहे, जगणारीला नाही, आणि वाचकाची घालमेल या अंतरातून येते. 'स्मृतिचित्रे'त आणखी एक पदर दिसतो. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ते आधी घडले आणि लक्ष्मीबाईंना नंतर कळले. घडण्याचा क्रम आणि कळण्याचा क्रम वेगळे असतात. आत्मकथनाचा संपादक पहिला क्रम नीट लावायला गेला, की दुसरा, म्हणजे सांगणाऱ्या बाईचा प्रत्यक्ष अनुभव, पुसला जाण्याचा धोका असतो. स्त्रियांची मौखिक कथने 'शुद्ध' करताना हे विशेष जपायला हवे. त्यांच्या नावावर दुसरी कागदपत्रे बहुधा नसतात, असते ते हे वाक्यच.

दुसऱ्या प्रतीत मी सगळे 'होते' जागच्या जागी ठेवले. एक वाक्य मात्र अडले. आत्या म्हणाली होती, "शेजारच्या काकू गेल्या." आधीच गावाला गेल्या, पाणी आल्यावर गेल्या, की वारल्या? मी विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "गेल्या, एवढंच माहीत आहे." तिथे मी काहीही जोडले नाही.