राष्ट्रीय उत्पन्न व आरोग्यखर्च : न्यूहाउस यांच्या सिद्धान्ताच्या मर्यादा

एखादे राष्ट्र आरोग्यावर किती खर्च करते, हे मुख्यतः त्याच्या उत्पन्नावरून ठरते, असे प्रतिपादन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जोसेफ न्यूहाउस यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात केले. १३ प्रगत देशांची आकडेवारी तपासून त्यांनी दाखविले की, दरडोई वैद्यकीय खर्चातील ९० टक्क्यांहून अधिक तफावतीचा उलगडा दरडोई उत्पन्नाने होतो. शिवाय उत्पन्नाहून खर्च अधिक वेगाने वाढतो. म्हणजे राष्ट्रांच्या पातळीवर वैद्यकीय सेवा ही चैनीची वस्तू ठरते. या निबंधाने पुढील संशोधनाला दिशा दिली, हे निर्विवाद होय. तथापि त्याच्या निष्कर्षाला दोन मर्यादा पडतात.

पहिली मर्यादा किमतीची. विल्यम बॉमोल यांनी १९६७ साली दाखविल्याप्रमाणे, कारखान्यांतील उत्पादकता वाढली की इतरत्रही वेतने वाढतात. परिचारिकेचे वेतन वाढते, पण शुश्रूषेला लागणारा वेळ फारसा घटत नाही. म्हणून श्रीमंत देशाचा वाढीव खर्च हा सर्वस्वी वाढीव सेवेचा निदर्शक नव्हे. अँडरसन, राइनहार्ट व त्यांचे सहकारी यांच्या २००३ च्या अभ्यासात अमेरिकेचा खर्च इतर प्रगत देशांहून पुष्कळ अधिक, परंतु डॉक्टरांकडील दरडोई भेटी व रुग्णालयातील दिवस मात्र कमी आढळले. फरक मुख्यतः किमतींचा होता.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. प्रगत देशांत खर्चाचा मोठा भाग शासन वा विमा भागवितो. त्यामुळे रुग्णाची ऐपत गौण ठरून राष्ट्राची ऐपत निर्णायक होते. गरीब देशांत हा आधार तोकडा असतो. भारताच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भार कुटुंबांनी स्वतः उचलला. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. अशा स्थितीत दागिने मोडून केलेला खर्च सरासरीत इतर खर्चासारखाच दिसतो, आणि पैशाअभावी न घेतलेला उपचार तर दिसतच नाही. त्या उपचारास चैनीची वस्तू म्हणणे अनुचित होय.

राष्ट्राचे उत्पन्न खर्चाची कमाल मर्यादा आखते. तो भार कोणी सोसावा, हे मात्र धोरण ठरविते. १९९७ च्या आर्थिक अरिष्टातून सावरत असतानाच थायलंडने २००२ पर्यंत सर्व नागरिकांना आरोग्यसंरक्षण दिले. श्रीमंत होण्याची वाट पाहिली नाही. देश संपन्न झाला की आरोग्याची सोय आपोआप होईल, असा अर्थ न्यूहाउस यांच्या आकड्यांतून काढणे म्हणजे सहसंबंधाला आश्वासन मानणे होय.